उंचवट्यापाशी उभा फोटोवाला

वणीजवळच्या पडीक वावरात मोटरसायकलींची शर्यत होती. माझ्या मोबाइलात नुसती धूळ येत होती. शेजारी लग्नाचे फोटो काढणारा एकजण मात्र गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून, डोळे मिटून उभा होता. इंजिनाचा आवाज चढला, की डोळे उघडून तो कॅमेऱ्याचं बटण एकदाच दाबायचा. फोटोत गाडी हवेत, दोन्ही चाकं अधांतरी!

"नशीब जोरात आहे तुमचं," मी म्हणालो.

"नशीबच हाये भाऊ. पन ते याच उंचवट्यावर येते, म्हनून सकायपासून इथून हालून नाई राह्यलो."

तो थुंकायला गेला. मी त्याच्या जागी उभा राहिलो, डोळे मिटले, आवाज चढताच मोबाइलचं बटण दाबलं. गाडी हवेत! मी नाचायलाच लागलो.

परत आल्यावर त्यानं माझा फोटो निरखून पाहिला. "याले म्हंतेत नशीब. पन नशिबानं निघाला म्हनून घरी सांगू नका."

अजून सांगितलेलं नाही.