खरूज बसली

"देवाच्या बोकडाले हात लावाचा नाई म्हणजे नाई."

"नोको लावू. पण तो पहाडीवरच्या भेकराले खरूज वाटून राह्यला, त्याचं काय?"

"वाटताना तू पाह्यलं?"

"भेकर पाह्यलं, दादा. पानवठ्यावर. मानेवर केस नाई, कातडं सालीवानी. तुहा बोकड तिथीच खडकाले आंग घासते."

झिंगू ओसरीवर बांबूच्या कामट्या सोलत होता. त्याचा हात थांबला नाही. समोर अंगणात उभी होती ती त्याची धाकटी बहीण नीलाबाई. अठ्ठावन्न वर्षांची. माहेर आणि सासर एकाच गावात, आलापल्लीच्या पलीकडं जंगलात. बकरीला काही झालं की गाव आधी तिच्या दारात येई. दोघांच्या मधे, उंबऱ्यात, झिंगूची मुलगी रीना बसली होती.

बोकड रीनासाठीच सोडलेला होता. तीन वर्षांपूर्वी मलेरिया तिच्या डोक्यात गेला, तेव्हा झिंगूनं आपल्या पेनाला, म्हणजे कुळाच्या देवाला, नवस बोलला होता. पोरगी उठली. करडाचा कान कातरून त्याला रानात मोकळं केलं. त्याला दावं नाही, सुरी नाही, माणसाचं औषधही नाही. कधी तो गावच्या कळपात येई, कधी आठ-आठ दिवस पहाडीवर.

नीलाबाईची विद्या सासूकडून आलेली. करंजीचं तेल तापवायचं, त्यात गंधक घालायचा, कोमट झालं की कानापासून शेपटीपर्यंत चोळायचं. बकरी गुडघ्यांत धरून ती कानाची कड चोळून बघे. मागचा पाय हवेत खाजवायला लागला तर दुखणं अजून आहे. आठ दिवसांनी पाय गप्प राहिला की ती उठे, हात पुसे आणि एकच शब्द बोले. "बसली." खरूज बसली, म्हणजे शमली. घरवाले निश्चिंत. तीस वर्षांत तिला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

यंदा दिवाळीत गावातल्या मंगलीच्या सात बकऱ्यांना खरूज झाली. नीलाबाईनं तेल लावलं, कान चोळले, "बसली" म्हणाली. पौषापर्यंत सातच्या चाळीस झाल्या. थंडीत बकऱ्या एकमेकींना चिकटून बसतात, तसं दुखणंही अंगाला अंग लावून पुढं गेलं. लोक म्हणाले, हवा वाईट. नीलाबाई म्हणाली, देवाचा बोकड.

रीना मागच्या वर्षी पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांच्या उपचाराचं, शिकून आली होती. आठवड्यापूर्वी तिनं एका बकरीची खपली खरवडून आलापल्लीच्या दवाखान्यात नेली आणि हट्टानं आत्यालाही नेलं. डॉक्टरांनी नीलाबाईला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. मुंडकं कापलेल्या गोचिडासारखे गोल, आखूड पायांचे जीव दिसले. शेजारी चमकणारी अंडी. एक मादी कातड्याखाली रोज दोन-तीन घालते, डॉक्टर म्हणाले, आणि दोन आठवड्यांत त्यातून निघालेल्या आपली घालू लागतात. तेलानं चालते-फिरते किडे मरतात, अंड्यातले राहतात. म्हणून दहा-बारा दिवसांनी तेल पुन्हा लावायचं, आणि सगळ्यांना एकाच दिवशी.

परतताना बसमध्ये नीलाबाई एवढंच बोलली, की त्यांची काच मळली होती.

"आत्याबाई," रीना आता हळूच म्हणाली, "बाबाले सांग ना."

"काय सांगाचं?" झिंगूनं विचारलं.

नीलाबाईनं हातातला तेलाचा डबा पायरीवर ठेवला. मग रीनाच बोलली. "दिवाळीत खरूज बसली नव्हती, बाबा. म्हणजे बसली होती. कोंबडी अंड्यावर बसते, तशी."

झिंगूचा कोयता थांबला. "म्हणजे खरूज तुही खुडूक, नीला, आन् बदनाम माहा बोकड?"

"बोकडालेबी हाये, बाबा. कोणी कोणाले देल्ली ते कोण सांगन? पण तो तेलातून सुटला तर सारं परत येईन."

झिंगूनं बहिणीकडं पाहिलं. आणखी बोलता आलं असतं, पण त्यानं कोयता खाली ठेवला. "तीस वर्स लोक तुह्या एका शब्दावर निजले, नीला. आता दारोदार जाऊन सांग. माहं चुकलं, तेल पुन्हा लावा लागते. मंग मीबी पेनाले विचारतो, बोकडाले तेल चालते का. सांगशीन?"

नीलाबाईला ते भेकर आठवलं. तिला पाहून ते पळालं नव्हतं. खडकाला कान घासत, डोळे मिटून उभं होतं, आणि मागचा पाय हवेत खाजवत होता. तिच्या गुडघ्यांतल्या बकरीसारखा. त्याच्याकडं तेल घेऊन कुणीच जाणार नव्हतं.

"सांगशीन का?" झिंगूनं पुन्हा विचारलं.

तिनं पायरीवरचा तेलाचा डबा उचलला, झाकण घट्ट केलं आणि कुडाच्या कुंपणाबाहेर पडली. तिचं घर डावीकडं. ती उजवीकडं वळली, मंगलीच्या अंगणाकडं.