सीटवरचं प्लास्टिक

मंडळी, आज पप्पांची जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायला धाराशिवच्या शोरूमला गेलो होतो.

अकरा वर्षं पप्पांनी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढू दिलं न्हाई. "विकताना भाव येतो," म्हणायचे. उन्हाळ्यात बेंबळीहून भूमला जाईपर्यंत आईची पाठ घामानं भिजायची.

शोरूमवाल्यानं दारसुद्धा न उघडता आमच्या अंदाजाच्या निम्मा भाव सांगितला.

"साहेब, आतून तर बघा की," पप्पा म्हणाले.

"काका, भाव गाडीच्या सालावर असतोय."

पप्पांनी चावी परत घेतली. घरी आल्याबरोबर त्यांनी ब्लेडनं सगळं प्लास्टिक काढलं आणि आईला हाक मारली, "ये, बस आता."

आई सीटवर हात फिरवत राहिली. "अहो, लई मऊ हाय की ही!"

तुमच्या घरात कशाकशावरचं प्लास्टिक अजून तसंच आहे?