लाल रेघेची शेपटी

सुलोचनाताई उइके अपघाताच्या जागेकडे कधीच पाहत नसत. महामार्गाच्या आमच्या नियंत्रण कक्षात, गाड्यांमधल्या मोबाईलवरून त्यांचा वेग पडद्यावर उमटे. गाडी नाही, माणूस नाही, आवाज नाही. नकाशावर नुसती एक रेघ. वाहता रस्ता हिरवा, तुंबलेला लाल. वेग एकाएकी कोसळला की यंत्र अपघाताची सूचना देई आणि आम्ही सारे त्या जागेवर झुकत असू. ताईंची नजर मात्र रेघेवरून मागे मागे सरकत जाई आणि रांगेच्या शेपटीपाशी थांबे. "झालं ते तिकडं," त्या म्हणत. "व्हाचं हाये ते इकडं."

अपघाताची वाहनं उचलली जातात, पुढचा रस्ता हिरवा होतो. पण लाल तुकडा विझत नाही. धन्याविना भटकणाऱ्या सावलीसारखा तो, गाड्या येतात त्या दिशेने, मागे सरपटत राहतो. हे मला ताईंनीच दाखवलं. त्यांचे यजमान अशाच शेपटीवर धडकून गेले. "संत्र्याचा ट्रक उलटला होता, तो नेलाबी होता. रस्ता झाडून घेतलता. मी गेली तं नुसता संत्र्याचा वास, बाई."

चैत्रातल्या एका दुपारी कोंढाळीकडचा अपघात निस्तरला, पण लाल तुकडा मागे सरकत कारंज्याच्या चढाच्या माथ्याकडे निघाला. माथ्यापलीकडची रांग चढणाऱ्याला दिसत नाही. आणि ताईंचा धाकटा भाऊ शंकर रोजच्या वेळेप्रमाणे तळेगावहून प्रवाशांनी भरलेली बस घेऊन त्याच चढाकडे येत होता. चालवताना तो फोन उचलत नसे; ती शपथ ताईंनीच घातलेली.

त्यांनी चढाच्या पायथ्याशी असलेल्या ढाब्यावर फोन लावला. "गुणवंतभाऊ, खाटा रस्त्यावर टाका. आडव्या."

"खाटेवर गिऱ्हाईक झोपून हाये, बाई!"

"त्याले उठवा, नाईतर त्याच्यासकट आणा. अन् दुरूनच लाल फडका दाखवा!"

डांबरावर घासणाऱ्या लाकडी पायांचा आवाज फोनमधून आला, मग फोन बंद झाला. थंडगार खोलीत आम्ही रेघेकडे पाहत राहिलो. ढाब्यापाशी एक नवा लाल थेंब फुटला. यंत्राने सूचना दिली: अपघात. वेग कोसळला होता. तो ब्रेकने कोसळला की धडकेने, हे रेघ सांगत नाही. ताईंनी तळहात पडद्याच्या काचेवर टेकला. मागून गाड्या येणं थांबलं तशी माथ्यापलीकडची शेपटी आखडत गेली, फिकटली, आणि तिथे कधी काही नव्हतंच असा हिरवा रंग पसरला. ढाब्यापाशीचा थेंब मात्र लालच होता.

ताईंचा फोन वाजला. त्यांना तो उचलवेना. मीच बटण दाबून आवाज मोठा केला.

"ताई, तू काऊन खाटा टाकाले लावल्या? गुणवंतभाऊ तुयंच नाव सांगून राह्यला! बसमधले लोक मले शिव्या देऊन राह्यले. चढून पाह्यलं मी, तिकडं एक गाडी नाई. पुरा रस्ता मोकळा हाये!"

ताईंनी डोळे मिटले.

"बोल, बापू," त्या म्हणाल्या. "अजून बोल."