फिट थांबल्यात ना, मग बास!

मित्रांनो, आज सकाळी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले शेजारचे काका जिन्यात तोल जाऊन पडत होते, मी धरलं. पार्किन्सनच्या नव्या औषधाच्या चाचणीत आहेत ते. म्हणाले, "चक्कर येते रे. पण कोणाला सांगू नकोस, औषध बंद करतील."

मला माझा दादा आठवला, त्याची गोष्ट मी काकांना सांगितली. ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला राहायचो. दादाला फिट यायच्या. त्याच्यावर एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. डोस हळूहळू वाढवला आणि फिट थांबल्या. पण त्याला एकाचे दोन दिसायला लागले, पाय लटपटायला लागले. मी विचारलं तर म्हणाला, "गप रे. फिट थांबल्यात ना, मग बास!"

शेवटी वहिनीनेच डॉक्टरांना सांगून टाकलं. दादा तिच्यावर भडकला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही लपवलंत, तर पुढच्या पेशंटलाही मी एवढाच डोस देईन."

मग दादाने स्वतःच सगळं सांगितलं. डोस कमी झाला. क्वचित एखादी फिट यायची, पण तो सरळ चालत कामावर जायला लागला.

काकांनी हे सगळं ऐकलं आणि "बघू रे" म्हणत कठडा धरून निघून गेले. त्यांच्या हाताची थरथर एवढ्या वर्षांनी थांबलीय, त्यांची भीती मला कळते. तरी त्यांनी नाही सांगितलं, तर मी काकूंना सांगणार आहे. चुकतंय का माझं?