आमदारांचा बसलेला आवाज

मिस्टरांची बदली उत्तरेतल्या एका शहरात, सेक्टर ३०च्या प्रयोगशाळेत झाली आणि मी तिथल्याच मनीमाजरा वस्तीतल्या एका दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून जाऊ लागले. तिथे एक दिवस एक आमदार आले. ते काहीच बोलेनात. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी.

"सगळा जन्म ह्यांनी बस डेपोच्या गेटवर घोषणा दिल्या, जी. आता निवडून आले, तर घशातून शब्द निघत नाही."

तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना बाऊजी म्हणू लागले आणि त्यांच्या पत्नीला बीजी. बाऊजी आधी बसचे ड्रायव्हर, मग युनियनचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष. संपात नोकरी गेली, तुरुंगवास झाला. निवडणूक हरले, तरी पुन्हा उभे राहिले. तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरांनीच घरोघर फिरून त्यांना विधानसभेत पोचवलं.

ओरडून ओरडून त्यांच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. मी म्हटलं, "हात पोचेल इतक्या जवळच्या माणसाशीच बोलायचं. तेही हळू."

"बेटा, मग राजकारण कसं करू?" त्यांनी खरखरत विचारलं.

"शेजारी बसून करा," मी सहज बोलून गेले.

मी दिलेला व्यायाम, पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढत सूर लावायचा, ते शाळकरी मुलासारखा मन लावून करायचे. बीजींना हसू आवरायचं नाही.

अधिवेशनात ते कंत्राटी कंडक्टरांना कायम करा म्हणून उभे राहिले. गोंधळ झाला. पूर्वीसारखा आवाज चढवता येईना, तेव्हा खाली बसले. पण दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या केबिनमध्ये खुर्ची जवळ ओढून बसले. पुढेही जातच राहिले. सगळे नाहीत, पण बरेच कंडक्टर कायम झाले.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट कापलं. सभा गाजवणारा माणूस हवा होता म्हणे. हे सांगायला दोघं दवाखान्यात आले.

बीजी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हे बाहेर बोलायचे आणि घरी येऊन गप्प झोपायचे. आता माझ्याशी बोलतात. मला तर हाच आवाज आवडतो."

बाऊजी चक्क लाजले. "उठ," ते म्हणाले, "सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर मंडळी थांबलीत. मीटिंग आहे."

"मीपण येते," बीजी म्हणाल्या.

"ये की."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. बसता बसता बाऊजी काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, पण बीजी खळखळून हसल्या.