काकूसाठी सजवलेली मोटार

ताज्या सागवानी भुशाचा वास आला की काकांची मोटार आठवते. निजामी संपली होती. तिचा थाट काकांच्या डोक्यातून गेला नव्हता. पाठ मोडलेल्या काकूला बाजेसकट हैदराबादच्या दवाखान्यात न्यायला त्यांनी लिलावातली जुनी टपालगाडी घेतली आणि सुताराला हाताशी धरून आतून चारी बाजूंनी जाड फळ्या ठोकल्या. सुतार म्हणाला, "मालक, जागा जायलीय." काका गरजले, "नवाबाच्या आगगाडीच्या डब्यावानी दिसाया पायजे!" पॉलिश चढलं, पण बाज चार बोटं बाहेर राहिली आणि दार लागेना. फळ्या उतरवायला काका तयार होईनात. बाजेवरून काकू म्हणाली, "भिंतींनाच न्या दवाखान्यात, मी ऱ्हाते हितंच." आम्ही पोट धरून हसलो. काकू दवाखान्यात पोचलीच नाही; तोंडावर आलेल्या पोळ्यापर्यंतही टिकली नाही. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.