आमची गोलकीपर वहिनी

घरंगळत आलेली वस्तू वहिनीनं कधी आधी हातानं उचलली नाही. कांदा असो, लिंबू असो की डब्याचं झाकण, ती पहिल्यांदा पायानं अडवायची. "सवय हाय वो, काय करू," असं वर हसून म्हणायची. टेंभुर्णीची ही पोरगी लग्नाआधीपासून जिल्ह्याच्या हॉकी संघात गोलकीपर. हॉकीत चेंडूला पाय लावायची मुभा एकट्या गोलकीपरला असते आणि वहिनीनं ती स्वयंपाकघरातही सोडली नाही.

माझा दादा अगदी उलट. जालन्यात कचेरीत कारकून, हिवाळ्यातही छत्री घेऊन निघणारा. चप्पल घ्यायची तर तीन दिवस विचार करायचा. मुलगी बघायला गेलो तेव्हा आम्ही काही विचारायच्या आत तिनंच दादाला विचारलं, "लग्न झाल्यावर खेळू द्याल का? आधी सांगा, मंग पोहे खा." दादा बशीकडे बघत "हो" म्हणाला. इतक्या झटपट त्यानं दुसरं काही ठरवलेलं मला तरी आठवत नाही.

लग्न लागलं, नवरी दारात आली. उंबरठ्यावर तांदळाचं पितळी माप. ते अंगठ्यानं हलकेच लवंडायचं असतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल. माप सुटलं ते थेट समोर उभ्या असलेल्या आईच्या पोटावर! आईनं ते दोन्ही हातांनी धरलं. तांदूळ दादाच्या फेट्यात. आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "वा! बराबर अडवलं, आई!"

कुणी हसलं नाही. आई एवढंच म्हणाली, "आजपासून हा खेळ बिलकुल बंद." वहिनीची स्टिक गव्हाच्या कोठीत गेली. आठ दिवसांवर परभणीला सामना होता. वहिनी उलटून बोलली नाही. पण एकदा ओट्यावरून लिंबू घरंगळलं आणि तिनं पायच पुढे केला नाही. मला फार वाईट वाटलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी दादा खांद्यापर्यंत कोठीत हात घालून उभा. खाली गहूच गहू. आईनं विचारलं, "काय करून राह्यला रे?"

दादानं गव्हातून स्टिक ओढून काढली. "आई, मी पोहे खायच्या आधी हो म्हणालो होतो."

आईनं केरसुणी त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "आधी गहू आवर. अन् तिला उपाशी नेऊ नको."

दादा छत्री घेऊन सामना संपेपर्यंत गोलामागं उभा राहिला. संघ सपाटून हरला, पण घरी येऊन त्यानं आईला फक्त अडवलेले चेंडू सांगितले. आईनंही तेवढेच ऐकले. पुढं गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत वहिनी खेळली.

परवा वहिनीच्या मुलाचं लग्न झालं. सून लाजरी, माप बघून उंबरठ्यावरच थबकली. वहिनीनं भरजरी पदर खोचला, ते जुने गुडघे वाकवले, दोन्ही पंजे उघडून मापासमोर उभी राहिली. मागं दादानं मुकाट्यानं छत्री उघडली.

"मार पोरी, बिनधास्त," वहिनी म्हणाली. "ह्या घरात आता काही बंद होत न्हाई."